बांध कोणाचा?

(लिंबागणेश येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्या गुरुजींना डोळ्यांनी न पाहिलेलं सांगितलेलं आवडत नसे, असं मला इथे आल्यावर सांगण्यात आलं. म्हणून तुम्ही सगळ्यांनी पाहिलेल्या, खरं तर पाहूनही न दिसलेल्या एका गोष्टीपासून सुरुवात करतो.

उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही बांधत नाही. उघड्या मुरमाड माळावर उथळ खळगा करते, आजूबाजूचे चार खडे सरकवते आणि त्यात बहुधा चार अंडी ठेवते. रंग मातकट, वर काळपट डाग. ज्यांनी गुरं राखली आहेत त्यांना पुढचं ठाऊक आहे. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, म्हणजे अंडी इथेच कुठेतरी आहेत हे पक्कं. आपण वाकून बघतो. नजर त्या जागेवरून तीन-चारदा फिरते. अंडी दिसत नाहीत. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, खोलगट जागी घातली तर कमी, असा ठोकताळा सांगतात. त्यावर मी काही बोलत नाही. पावसाबद्दल बीड जिल्ह्यात येऊन पाहुण्याने मत देऊ नये. माझा प्रश्न साधा आहे. अंड्यावरून परतलेला उजेड डोळ्यात शिरला. डोळे चांगले आहेत. लक्ष तिथेच आहे. मग दिसलं का नाही?

याच गोष्टीचा दुसरा भाग जास्त मोलाचा आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईचा धोक्याचा आवाज ऐकताच जमिनीला चिकटून बसतं आणि त्याचाही खडा होतो. तुम्ही त्याच्यापासून दोन हातांवर असाल तरी खडाच. आणि मग ते चार पावलं पळतं, की क्षणात अख्खं पिल्लू दिसतं : पाय, पाठ, डोकं, सगळं एकदम. त्या क्षणी उजेड वाढला नाही, पिल्लाचा रंग बदलला नाही. फक्त ते हललं. एवढ्याने ते माळापासून सुटं झालं.

हे सुटं होणं हाच आजचा विषय. आपल्याला वाटतं की जगात वस्तू आधीच सुट्या आहेत आणि डोळा त्या नुसत्या टिपतो. डोळ्यापर्यंत मात्र वस्तू येतच नाही. येतो तो कमीजास्त उजेडाचा आणि रंगांचा एक सलग पट्टा. त्यात लिंबाचं झाड कुठे संपलं आणि मागचं आभाळ कुठे सुरू झालं, याची रेघ कोणी मारून ठेवलेली नसते. ती मेंदू मारतो. मारतो तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि आपल्याला पत्ता लागू न देता.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं. त्यात मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी आणि रंग ओळखणाऱ्या सुमारे ६० लाख पेशी. पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत धागे दहा-बारा लाखच. म्हणजे जे येतं ते सगळं पुढे पाठवायची सोयच नाही. दृष्टिपटल मग काटकसर करतं. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात. जिथे सगळीकडे सारखाच उजेड आहे तिथली बातमी जवळजवळ पाठवलीच जात नाही, आणि जिथे उजेड एकदम बदलतो तिथली ठळक करून पाठवली जाते. हे दाबणं अमेरिकेतल्या केफर हार्टलाइन यांनी समुद्रातल्या एका खेकड्यासारख्या प्राण्याच्या डोळ्यावर तपासलं आणि १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

काटकसरीचा फायदा रोज मिळतो. भर उन्हात ठेवलेल्या काळ्या घोंगडीवरून जेवढा उजेड परततो, तेवढा घरात कंदिलाच्या प्रकाशातल्या पांढऱ्या धोतरावरून परतत नाही. तरी घोंगडी काळी आणि धोतर पांढरंच दिसतं. डोळा उजेड मोजत बसला असता तर आपण दिवसा एक आणि रात्री दुसरं जग पाहिलं असतं. तो तुलना मोजतो.

पुढची पायरी डोक्याच्या पाठीमागच्या भागात आहे. १९५८ मध्ये डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे तरुण मांजराच्या मेंदूतल्या एकेका चेतापेशीचा आवाज ऐकत होते. पेशी उत्तेजित झाली की ध्वनिक्षेपकातून तडतड ऐकू यायची. ते काचेच्या पट्टीवर काळा ठिपका लावून तो पडद्यावर दाखवत होते आणि पेशी ठिपक्याला काही केल्या दाद देईना. मग पट्टी सरकवताना अचानक तडतड सुरू झाली. ठिपक्याशी तिचा काही संबंध नव्हता. काचेच्या पट्टीच्या कडेची बारीक सावली पडद्यावरून सरकली होती आणि त्या पेशीला नेमकी त्याच कलाची तिरपी रेघ हवी होती. पुढे त्यांनी दाखवलं की मेंदूच्या त्या भागातल्या पेशी अशा कलांवर वाटून घेतलेल्या आहेत : कोणी उभ्या कडेला जागी होते, कोणी आडव्या, कोणी तिरक्या. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, झालं, कडा सापडल्या म्हणजे वस्तू सापडली.

तिथेच तर खरी अडचण सुरू होते. कडा फार आहेत. दुपारी लिंबाखाली बाज टाकलेली असते, त्यावर पानांच्या सावल्यांच्या कडा आहेत, बाजेच्या सुंभाच्या कडा आहेत, झोपलेल्या माणसाच्या चौकड्याच्या शर्टावर शंभर कडा आहेत. यातली माणसाची कड कोणती? सावलीची कड बहुतेक वेळा माणसाच्या कडेपेक्षा ठळक असते. बाजेवर माणूस झोपला आहे हे नुसत्या कडा मोजून कधीच कळणार नाही.

या अडचणीचा उपयोग जनावरांनी आपल्या आधी करून घेतला. अ‍ॅबट थेअर नावाचा अमेरिकन चित्रकार होता. शास्त्रज्ञांनी न पाहिलेली गोष्ट त्याच्या चित्रकाराच्या नजरेने पाहिली. रेहेकुरीच्या अभयारण्यात काळविटाची मादी तुम्ही पाहिली असेल : पाठ पिवळसर तपकिरी, पोट पांढरं. थेअरने १८९६ मध्ये अशा रंगसंगतीचं कारण सांगितलं. वरून ऊन पडलं की पाठ उजळते आणि पोटाखाली सावली पडते. या छायाप्रकाशावरूनच आपण गोलाई ओळखतो. पाठ गडद आणि पोट फिकं असेल तर ऊन आणि रंग एकमेकांना खोडतात, गोलाई नाहीशी होते आणि जनावर सपाट होऊन गवतात मिसळतं. थेअर पुढे या विचाराच्या इतका आहारी गेला की रोहित पक्षी गुलाबी असतात ते संध्याकाळच्या आभाळात लपण्यासाठी, असंही म्हणू लागला. चांगल्या कल्पनेचं असं होतं कधी कधी.

ह्यू कॉट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९४० च्या आपल्या ग्रंथात दुसरी युक्ती सविस्तर मांडली. लपायचं तर पार्श्वभूमीसारखा रंग पुरत नाही, कारण बाह्यरेषा चुगली करते. म्हणून अंगावरच खोट्या, ठळक कडा काढायच्या आणि खरी बाह्यरेषा त्यांनी तोडायची. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके असे काम करतात. फुरशाच्या पाठीवरची नक्षी, घोणसाच्या अंगावरच्या साखळ्या याही तशाच. नुसत्या बघितल्या तर किती उठावदार, पण पाचोळ्यात पडल्या की साप दिसायचा राहतो आणि नक्षीचे तुकडे पाचोळ्याचे होऊन जातात. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली तेव्हा तुरीच्या शेतात जायला लोक धजत नव्हते, ते उगाच नव्हतं. बसलेला बिबट्या तुरीत दिसत नाही. आणि वाघ तर भगवा! आपल्याला तो उठून दिसतो, पण ज्यांच्यापासून त्याला लपायचं असतं त्या हरणांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असतात. त्यांना भगवा आणि हिरवा यांत फारसा फरक दिसत नाही. आपल्यासाठी तो रंगलेला आहे ही आपली समजूत.

इथून पाटोद्याच्या बाजूला नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तिथल्या मोराबद्दल सगळे बोलतात. माझं लक्ष लांडोरीकडे जातं. जमिनीवर अंड्यांवर बसलेली लांडोर ओळखणं हे मोर ओळखण्यापेक्षा मेंदूला कितीतरी अवघड काम आहे.

आता गाभ्याशी येऊ. एडगर रुबिन या डॅनिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये आपल्या प्रबंधात एक चित्र दिलं. ते तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. मधोमध फुलदाणी, आणि तसंच बघत राहिलं तर दोन माणसं समोरासमोर. फुलदाणी दिसते तेव्हा माणसं नाहीशी होतात, माणसं दिसतात तेव्हा फुलदाणी ही त्यांच्यामधली नुसती मोकळी जागा असते. पोरांना ही गंमत वाटते. रुबिनला त्यात नियम दिसला. कागदावरची रेघ एकच आहे. पण ती एका वेळी एकाच बाजूची असते. फुलदाणीची असेल तर तिला फुलदाणीचा आकार येतो. माणसांची असेल तर तीच रेघ नाक, ओठ, हनुवटी होते. ज्याची कड, त्याला आकार. उरलेल्या बाजूला आकार राहत नाही. ती मागे मागे, पलीकडे पसरलेली वाटते.

तुमच्याकडे बांधावरून किती भांडणं होतात हे मी सांगायला नको. दरवर्षी नांगरताना एक तास बांध कोरायचा, मग मोजणी मागवायची, मग तहसील. त्या भांडणात निदान कागदावर बांध दोघांचा निम्मानिम्मा असू शकतो. नजरेच्या राज्यात ती सोय नाही. इथे प्रत्येक बांध पूर्णपणे एकाचा. शेजाऱ्याला काही मिळत नाही. त्याचं शेत बांधाखालून पलीकडे गेलेलं आहे असं धरलं जातं. झाडामागे आभाळ संपत नाही, ते झाडाच्या मागून चालू आहे असंच आपल्याला दिसतं. कधी तपासलं नाही तरी.

हा बांध कोणाच्या नावावर आहे याची नोंद मेंदूत खरोखर होते का? रुबिननंतर ८५ वर्षं हा प्रश्न तसाच होता. मग २००० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रूडिगर फॉन डर हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या पेशी ऐकल्या. प्रत्येक पेशीला पडद्याचा अगदी छोटा तुकडा दिसतो, जणू भोकातून बघावं तसा. त्या तुकड्यात त्यांनी एकच कड ठेवली : डावीकडे पांढरं, उजवीकडे काळं. फक्त भोकाबाहेरचं चित्र बदललं. एकदा ती कड डावीकडच्या पांढऱ्या चौकोनाची उजवी बाजू होती, एकदा उजवीकडच्या काळ्या चौकोनाची डावी बाजू. पेशीला दिसणारा तुकडा दोन्ही वेळा तंतोतंत तोच. तरी काही पेशी चौकोन डावीकडे असताना जास्त तडतडल्या, काही उजवीकडे असताना. डोळ्याकडून आलेली बातमी जिथे पहिल्यांदा पोचते त्या भागाच्या लगतच्या, दुसऱ्या दृष्टिक्षेत्रात अर्ध्याहून जास्त पेशी अशा निघाल्या. म्हणजे पेशी नुसतं ‘इथे कड आहे’ असं म्हणत नाही. ती म्हणते, ‘कड आहे, आणि ती डावीकडच्याची आहे.’

मला यातली वेळ सर्वांत विलक्षण वाटते. पेशी बोलायला लागल्यापासून सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या आत मालकीचा फरक दिसू लागतो. पेशीला स्वतःच्या भोकाबाहेरचं दिसत नाही, मग मालकी कळते कुठून? बहुधा जास्त मोठा परिसर एकदम पाहणाऱ्या वरच्या पेशींकडून. त्या वर्तुळाकार, बंदिस्त काहीतरी आहे एवढं ओळखतात आणि खाली उलट निरोप धाडतात. आपण शाळेत शिकतो की डोळ्याकडून बातमी येते आणि मेंदू ती वाचतो. बरीचशी वाहतूक उलट दिशेनेही चालते, हे शाळेत कोणी सांगत नाही.

मालकी ठरवायचे काही ढोबळ ठोकताळे आहेत. लहान, बंदिस्त, बाहेर फुगलेला भाग बहुधा वस्तू ठरतो. खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त वेळा वस्तू ठरतो, कारण आपल्या जगात जमिनीवर वस्तू असतात आणि वर आभाळ. दोन डोळ्यांतून दिसणाऱ्या चित्रांतला किंचित फरक हा तर फार बळकट पुरावा. बेला युलेश नावाच्या हंगेरियन अभियंत्याने १९६० मध्ये नुसते वाटेल तसे ठिपके छापले. एका डोळ्याने पाहिलं तर त्यात काहीच नाही, कड नाही, रंगाचा फरक नाही. दोन्ही डोळ्यांनी दोन चित्रं जुळवली की मधला चौकोन कागदावर तरंगू लागतो. रंगाने लपलेलं दोन डोळ्यांपुढे उघडं पडतं, म्हणून दुसऱ्या महायुद्धात विमानातून घेतलेले फोटो जोडीजोडीने पाहत.

मराठवाड्यातला माणूस या विषयावर बोलतो आणि अजिंठा सांगत नाही, असं व्हायचं नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबाच्या शीर्षावर चार हरणं कोरलेली आहेत. धडं चार, डोकं एक. ज्या धडाकडे बघाल त्याला ते डोकं अगदी नीट बसतं. नजर दुसऱ्या धडावर नेली की तेच डोकं तिकडचं होतं. पाचव्या शतकातल्या त्या कारागिराला रुबिनचं पुस्तक मिळालेलं नव्हतं, पण रुबिनच्या वाटेवर तो आणखी पुढे गेला असं मला वाटतं. रुबिनच्या चित्रात भांडण एका कडेचं आहे. इथे डोक्याची कड डोक्याचीच आहे, त्यावर वाद नाही. वाद आहे तो हे डोकं कोणत्या धडाच्या सातबाऱ्यावर चढवायचं याचा. आणि कितीही प्रयत्न केला तरी एकाच वेळी चारही हरणं पूर्ण दिसत नाहीत. एक पूर्ण दिसतं आणि बाकीची तीन थांबतात. पुढच्या वेळी सहल न्याल तेव्हा मुलांना त्या खांबापाशी जरा जास्त वेळ थांबू द्या.

त्याच अजिंठ्यात १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा मद्रास पलटणीतला इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला झाडोऱ्यात दगडी कमान दिसली, अशी हकिगत आहे. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने कोरलेलं नाव अजून आहे. लेणी सापडली म्हणतात ती त्याला. तिथल्या गुराख्यांना ती ठाऊक होतीच. पण त्याच्या नजरेने काय केलं ते पाहा. वाघूर नदीच्या त्या वळणावर पानांच्या, फांद्यांच्या, कपारींच्या हजारो कडा होत्या. त्यातल्या काही कडा एका सलग, नियमित वक्रावर बसत होत्या. झाडांनी मध्ये मध्ये झाकलं होतं, तरी मेंदूने तुकडे जोडले आणि सगळे एकाच मालकाच्या नावावर केले. न दिसणाऱ्या भागासकट. १९८४ मध्ये फॉन डर हाइट यांनीच दाखवलं की प्रत्यक्ष रेघ नसताना, फक्त दोन बाजूंचे तुकडे रेघ सुचवत असतील तरी, काही पेशी रेघ असल्यासारख्याच जाग्या होतात.

हे यंत्र बिघडतं तेव्हा काय होतं हे पहिल्या महायुद्धाने दाखवलं. डोक्याला गोळी लागून वाचलेल्या जर्मन सैनिकांना तपासताना वाल्टर पोपलरॉयटर यांनी १९१७ मध्ये घरातल्या वस्तूंची एकावर एक काढलेली रेखाचित्रं वापरली. नजर साफ असलेले काही जण त्यातली एकही वस्तू सोडवू शकत नव्हते. पुढे १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये असा एक रुग्ण तपासला गेला, ज्याला बारकावे असलेल्या रेखाचित्रापेक्षा नुसती काळी भरीव आकृती ओळखणं सोपं जाई. आपल्याला बारकावे मदत करतात. त्याला प्रत्येक बारकावा नवी वस्तू वाटत असे.

आता सर्वांत कठीण प्रश्न. ही कला आपण जन्मतः घेऊन येतो की शिकतो? तान्ह्या बाळाला विचारता येत नाही. पण जे मोठेपणी पहिल्यांदा पाहतात त्यांना विचारता येतं, आणि असे लोक भारतात आहेत. मोतीबिंदू म्हटलं की आपल्यापुढे म्हातारा माणूस आणि शिबिर येतं. लातूर जिल्ह्यातले नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांनी ते चित्र आपल्या मनात पक्कं केलं आहे. पण मोतीबिंदू घेऊन मुलं जन्मालाही येतात. आईला गरोदरपणात रुबेला झाला तर येतात, काही घराण्यांत आनुवंशिकतेने येतात. खेड्यात अशा मुलाला ‘आंधळंच जन्मलं’ म्हणून सोडून दिलं जातं.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत शिकवणारे पवन सिन्हा यांनी २००५ च्या सुमारास ‘प्रकल्प प्रकाश’ सुरू केला. दिल्लीच्या श्रॉफ नेत्र रुग्णालयाच्या मदतीने अशा मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करायची आणि नंतर त्यांना काय दिसतं हे त्यांनाच विचारायचं. डॉ. सुमा गणेश या तिथल्या नेत्रशल्यविशारद या कामात आहेत. २००९ मध्ये त्यांनी एकत्र प्रसिद्ध केलेल्या निबंधात सात, तेरा आणि २९ वर्षांच्या तिघांची हकिगत आहे. २९ वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यात जन्मापासून भिंगच नव्हतं. त्याला चष्मा मिळाला तो त्या वयात.

त्याला सुटा चौकोन, सुटं वर्तुळ ओळखता येई. पण चौकोनावर वर्तुळ अर्धवट चढवून रेषांचं चित्र काढलं, की त्याला दोन नव्हे, तीन वस्तू दिसत : जिथे ते एकमेकांवर चढले आहेत तो तुकडा तिसरी वस्तू. फोटो दाखवला तर जिथे जिथे रंग किंवा उजेड बदलतो तिथे तिथे नवी वस्तू सुरू झाल्याचं तो बोटाने दाखवी. कडा त्याला सगळ्या सापडत होत्या. मालक एकाही कडेचा सापडत नव्हता. ह्युबेल आणि वीझेलचं काम त्याच्या मेंदूत बहुधा चालू होतं, रुबिनचं बंद होतं.

मग संशोधकांनी तेच चौकोन आणि वर्तुळ हलवले. वर्तुळ एकीकडे, चौकोन दुसरीकडे. आणि त्याने लगेच बरोबर सांगितलं. माळावरचं टिटवीचं पिल्लू! एकत्र हलणारे ठिपके एका मालकाचे, हा नियम माक्स वेर्टहाइमर यांनी १९२३ मध्येच लिहून ठेवला होता. पण तो एक नियम बाकीच्या नियमांचा गुरू असू शकेल, हे या तिघांनी सुचवलं. निबंधातली आणखी एक गोष्ट मला त्याहून पटली. स्थिर फोटोंमध्ये ज्या वस्तू ते सुरुवातीला ओळखू शकत होते त्या बहुतेक अशा होत्या, ज्या जगात हलताना दिसतात. हलती वस्तू आधी सुटी होते, म्हणून तिचा आकार आधी पाठ होतो. पाठ झालेला आकार मग थांबलेल्या चित्रातही ओळखू येतो. वर्ष-दीड वर्षाने तपासलं तेव्हा हलवल्याशिवायही त्यांना बरंचसं सोडवता येऊ लागलं होतं.

तान्ह्या बाळांवरचा एक जुना प्रयोग याला जुळतो. फिलिप केलमन आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी १९८३ मध्ये चार महिन्यांच्या बाळांना ठोकळ्यामागे ठेवलेली काठी दाखवली. मधला भाग झाकलेला, दोन टोकं बाहेर. काठी हलत असेल तर बाळ तिला एक काठी मानत होतं. स्थिर असेल तर त्याला ते ठरवता येत नव्हतं. पाळण्यावर टांगलेल्या चिमण्या हलाव्यात म्हणून टांगतात, हे आज्यांनी प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं. पण सगळंच शिकलेलं असतं असं म्हणणं धाडसाचं होईल. याच प्रकल्पातल्या मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच काही दृष्टिभ्रम आपल्यासारखेच झाले, हेही २०१५ मध्ये छापून आलं आहे. काही पाया जन्मतः असतो. त्याची हद्द अजून पक्की आखलेली नाही.

इथली तरुण मंडळी फोनवर फोटोतला माणूस बोटाने दाबून कापतात आणि त्याचं स्टिकर करतात. ते यंत्रही बांधाची मालकीच ठरवत असतं. २०२३ मध्ये फेसबुकच्या कंपनीने यासाठी जे यंत्र तयार केलं त्याला शिकवायला १ कोटी १० लाख फोटो आणि त्यातले शंभर कोटींवर कापलेले आकार लागले. चार महिन्यांच्या बाळाला हलणारी काठी पुरते. यंत्राचं मला कौतुक आहे. फक्त ते शिकण्यात कुठे कमी पडत नाही असं कोणी म्हणालं तर बाळाशी तुलना करून बघा.

शेवटी थोडं कामाचं बोलतो. जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दीड-दोन महिन्यांत व्हावी, कारण मेंदूचा हा शिकण्याचा काळ फार कोवळा असतो. उशीर झाला म्हणजे सगळं संपलं असं मात्र नाही. प्रकल्प प्रकाशात वयाच्या आठ-दहा वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या मुलांतही सुधारणा झालेल्या आहेत, थोड्यांत का होईना. ओळखायची खूण सोपी. डोळ्याची बाहुली काळी न दिसता पांढरट दिसते. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा चमकला तर तो फोटो घेऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावं. मोतीबिंदू नसून त्याहून गंभीर आजारही असू शकतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पण या जिल्ह्यात दसऱ्या-दिवाळीनंतर किती घरांना कुलपं लागतात ते तुम्ही जाणता. कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्या आईबरोबर तान्हं बाळही जातं आणि साखर कारखान्याच्या तळावर सहा महिने राहतं. पथक आलं तेव्हा ते बाळ गावात नसेल तर नोंद होत नाही. ग्रामसेवक आणि अंगणवाडीताई इथे बसलेल्या आहेत म्हणून सांगतो : पावसाळ्यातली फेरी टोळ्या गावातून निघायच्या आत होईल असं बघा, आणि गेल्या वर्षी जी बाळं तळावर जन्मली त्यांची यादी आधी करा.